धुरात नेण्याचं होकायंत्र

१

होकायंत्र कसं निवडावं हे विचारणारं गिऱ्हाईक माझ्याकडे वर्षातून एखादंच येतं, आणि आलं की मी त्याला लवकर सोडत नाही. वाशीमच्या बाजारात माझं घड्याळांचं दुकान आहे. पाटीवर 'जमशेद वॉच कंपनी' लिहिलंय. कंपनी म्हणजे मी, एक स्टूल आणि एक पंखा. मोबाइल आल्यापासून घड्याळं कोण घेतो? म्हणून चष्मे, दुर्बिणी आणि होकायंत्रं ठेवतो. हजला जाणारे किबला, म्हणजे नमाजाची दिशा, बघायला लहान होकायंत्र नेतात. जंगलात न्यायचं मोठं मात्र धूळ खात पडतं. आमच्या जिल्ह्यात जंगल असून असून असणार किती? नाकासमोर चालत सुटलात तर दुपारपर्यंत कुणाच्या तरी वावरात निघाल.

म्हणून मार्चमध्ये सेवालाल आला आणि जंगलात न्यायचं होकायंत्र दाखवा म्हणाला, तेव्हा मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा हा माणूस. यंदा ऊसतोडीला न जाता वनखात्यात हंगामी कामाला लागला होता, वणवे विझवायला. मागच्या उन्हाळ्यात त्याचा जोडीदार रूपला धुरात सापडला. रस्ता एका बाजूला होता, रूपला गेला दुसऱ्या बाजूला, सरळ आगीत. हे सांगताना सेवालालचा आवाज हललासुद्धा नाही. धुरात डोळे मिटले तरी जंगलातला रस्ता सापडेल असं काहीतरी त्याला पाहिजे होतं.

मी होती नव्हती ती सगळी होकायंत्रं काउंटरवर मांडली. वीतभर अंतर ठेवून, कारण जवळ आली की ती एकमेकांना बिघडवतात, माणसांसारखीच. मग माझी शिकवणी सुरू झाली. आतल्या तेलात बुडबुडा नको. सुई थांबण्याआधी जराशी थरथरावी, पण नाचत राहिली तर ते घेऊ नये. तळ पारदर्शक हवा, म्हणजे नकाशावर ठेवता येतं. मोबाइलपासून, कुऱ्हाडीपासून लांब धरायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सगळी एकदम बघायची. जे बाकीच्यांपेक्षा वेगळं दाखवतं ते बाद. त्या दिवशी एकच जरासं वेगळं दाखवत होतं. ते मी उचलून ड्रॉवरमध्ये टाकलं.

"आन् डोयाले एक दिसलं, सुईनं दुसरंच दाखोलं त मंग?" सेवालालने विचारलं.

"त डोयाचं आयकू नको," मी म्हटलं. "रूपलानं डोयाचंच आयकलं."

असं बोलू नये, कबूल. पण माल असाच विकला जातो.

तेवढ्यात नमरा डबा घेऊन आली. माझी एकुलती एक मुलगी, बी.एस्सी.ला आहे, तोंडाने तिखट, थेट माझ्यावर गेलेली. दारातून आली आणि काउंटरला वळसा घालून माझ्या मागे उभी राहिली. सेवालाल काचांवर वाकलेला होता. सुया फिरल्या म्हणाला. मी त्याला स्टीलचा डबा दाखवला आणि लोखंडाची जात जवळ आली की असं होतं, हे समजावून सांगितलं. त्याने मान डोलवली आणि एक होकायंत्र घेऊन गेला. चांगल्या स्टीलला चुंबक चिकटत नाही हे मला माहीत होतं. पण झालेला सौदा कोण मोडणार?

२

थंडी संपता संपता आम्ही गावाच्या उत्तरेला, एका नव्या लेआउटमध्ये राहायला गेलो होतो. प्लॉट तिरपा, त्यामुळे घराची एक भिंत सरळ दिशेला नाही. जुन्या घरात किबला कुठे हे भिंतीच सांगायच्या. इथे कुणाला विचारणार? पण होकायंत्रवाल्याच्या घरात ही काय अडचण झाली? सामान आलं त्या दिवशी, नमरा उत्तरेच्या खोलीत पुस्तकं लावत असताना, मी हॉलमध्ये दुकानातलं सगळ्यात चांगलं होकायंत्र ठेवलं, किबला काढला आणि नमराच्या नेलपॉलिशने फरशीवर रेघ ओढली. नसीम, माझी बायको, त्या रेघेवर जानमाज, नमाजाची चटई, अंथरू लागली.

सेवालाल येऊन गेल्यावर काही दिवसांनी नसीमने मागच्या खोलीतही अशीच रेघ काढायला घेतली. होकायंत्र ठेवलं तर ते भलतीकडेच. हॉलमध्ये आणून ठेवलं तर तिथल्या रेघेशीही जुळेना. आमचं घरातलं बोलणं उर्दूतलं, ते मी इथे मराठीत सांगतो. ती म्हणाली, तुमचं यंत्र रोज मत बदलतंय. मी हसलो. स्लॅबमध्ये सळया असतात, शेजारी इन्व्हर्टर आहे, फ्रिज आहे. मी बाहेर मोकळ्या प्लॉटवर जाऊन बघितलं. तिथे सळया नव्हत्या, पण सुई बोट दाखवावं तशी आमच्याच घराकडे रोखलेली होती.

दुसऱ्या दिवशी बाद केलेलं होकायंत्र ड्रॉवरमधून काढून घरी आणलं. जमिनीत काठी रोवून दुपारच्या सावलीशी ताडून बघितलं. तेवढं एकच बरोबर होतं. बाकीची सगळी मिळून चुकत होती. दुकानात कळलं नाही, कारण दुकानातून घर जवळजवळ उत्तरेलाच येतं, आणि डबा आणेपर्यंत नमरा घरी होती.

नसीम फरशीवर बसून राहिली. इतक्या नमाजा आपण कुठल्या दिशेला तोंड करून पढलो, हे तिच्या मनातून जाईना. नकळत चुकलं तर माफ असतं, मी सांगितलं. तिलाही ते ठाऊक होतं. तरी ती रडली, आणि ओल्या बोळ्याने ती लाल रेघ घासत राहिली.

३

सुई नमराच्या मागे फिरते हे मला एका दुपारी दिसलं. मैत्रिणीशी फोनवर बोलत ती स्वयंपाकघरातून गच्चीच्या जिन्याकडे आणि परत अशा येरझारा घालत होती. टीपॉयवरची सुई, पदर धरून मूल फिरावं तशी, तिच्यामागून फिरत होती. ती थांबली की सुई थांबायची.

मी तिला फोन ठेवायला लावला. बाजूला ठेव म्हटलं, बांगड्या काढ म्हटलं, बस म्हटलं, ऊठ म्हटलं, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन ये म्हटलं.

"अब्बा, मी काय रिमोटवरची गाडी आहे?" ती म्हणाली. मग तिने काचेकडे बघितलं. आधी हसली. इकडे दोन पावलं, तिकडे दोन पावलं करून बघितलं. मग हसणं गेलं आणि ती नसीमच्या मागे जाऊन उभी राहिली, लहानपणी कुत्र्याला घाबरून राहायची तशी. सुईही तिकडे वळली.

मी माझी सगळी अक्कल पणाला लावली. रक्तात लोह जास्त असेल. पण मग चमचे, किल्ल्या का नाही ओढले जात? डॉक्टरला सांगायचं तर काय सांगायचं? माझी मुलगी उत्तर आहे म्हणून?

रात्री जेवताना तिने विचारलं, "त्या दिवशी तो माणूस घेऊन गेला, त्याचंही माझ्याकडेच दाखवत असेल ना?"

एवढ्या लांबून शक्य नाही, मी म्हटलं. तिने वाद घातला नाही, आणि नमरा वाद घालत नाही म्हणजे तिला पटलेलं नसतं.

४

सेवालाल पुन्हा आला तेव्हा त्याच्या पायांत चपला नव्हत्या आणि पाय घोट्यापर्यंत काळे होते. पैसे परत मागायला आला असेल म्हणून मी तोंड वाकडं करून ठेवलं होतं. पण तो नुसताच स्टुलावर बसला.

वणवा लागला होता. तो आणि बादल नावाचा दुसरा कामगार, दोघे धुरात अडकले. रस्ता उत्तरेला होता. डोळे म्हणत होते रस्ता उजवीकडे, सुई म्हणत होती डावीकडे. सेवालालला माझं बोलणं आठवलं आणि तो डावीकडे गेला. चालत चालत पश्चिमेच्या नाल्यात निघाला, मानोऱ्याहून वाशीमकडे तोंड केलं की जो लागतो तो. आग तिकडे वळली नाही म्हणून वाचला. बादलने आपल्या डोळ्यांचं ऐकलं आणि तो केव्हाच रस्त्यावर जाऊन पोचला होता.

"बादल रस्त्यावर होता," सेवालाल म्हणाला, "मंग माह्या खांद्यावर हात कोनाचा होता भाऊ? नाल्यापरयंत होता."

त्याने खांदा माझ्याकडे केला. शर्टाला बोटांच्या जागी भोकं पडली होती, कडा करपलेल्या. मी रूपलाचं नाव घेतलं. नाही म्हणाला तो. रूपला असता तर त्याने नावाने हाक मारली असती.

नाल्यात डोळे धुवायला त्याने होकायंत्र दगडावर ठेवलं. तोंडावरून हात काढला तर होकायंत्र नव्हतं आणि खांद्यावरचं वजनही नव्हतं. कुणीतरी उचललं असेल, मी म्हटलं, पोरंटोरं असतात.

"त्याले इतके दिवस रस्ता सापडत नोता," सेवालाल म्हणाला.

मी चहा सांगितला होता. तो यायच्या आत नमरा डबा घेऊन आत आली. काचेखालच्या सगळ्या सुया तिच्याबरोबर दारापासून माझ्यापर्यंत आल्या, आणि या वेळी सेवालालने ते शेवटपर्यंत बघितलं. मग तिच्याकडे बघितलं.  उठला आणि चहा न घेता निघून गेला.

५

पुढचं त्याने मला फोनवर सांगितलं. मी विचारत नव्हतो, तरी सांगत राहिला. मानोऱ्याच्या जंगलातून राखेचा एक पट्टा बाहेर पडला होता, बैलगाडीच्या चाकोरीएवढा रुंद. हरभरा काढलेल्या वावरातून, बांधावरून, जराही वळण न घेता. वाटेत विहीर आली तर अलीकडच्या काठाला थांबला आणि पलीकडच्या काठापासून पुन्हा सुरू. रोज थोडा पुढे. जगदेव नावाच्या शेतकऱ्याचा बैल त्या रेषेत बांधलेला होता. पेपरात आलं, विडीच्या थोटकाने गोठा पेटला. मीही तेच वाचलं आणि मला ते पटवून घ्यायचं होतं.

तरी मी जिल्ह्याचा नकाशा काउंटरवर पसरला आणि पट्टी ठेवली. मानोऱ्याच्या जंगलापासून मंगरूळपीरच्या बाजूने सरळ आमच्या लेआउटपर्यंत.

मग मी पट्टीचं टोक उचलून मालेगाववर ठेवलं. तिथे नसीमची बहीण, नमराची खाला अफ्रीन राहते. पट्टी आता वाशीमच्या वरून, बऱ्याच लांबून जात होती. मध्ये कुणाकुणाची गावं येतात हे मी बघितलं नाही. अफ्रीनला फोन केला की नमराला परीक्षेचा अभ्यास शांतपणे करायचाय, पाठवतो. नसीमला सांगितलं, लांब गेलेली बरी. ते खोटं नव्हतं. फक्त मी आधी पट्टी ठेवली होती आणि मग फोन केला होता.

नमराला कळलं असावं. बसमध्ये खिडकीशी बसून तिने एवढंच विचारलं, "मला लपवताय की घराबाहेर काढताय?" कंडक्टरने बेल मारली आणि मी खाली उतरलो.  बस वळली तेव्हा सुटल्यासारखं वाटलं.

दोनेक दिवसांनी सेवालालचा फोन आला. राखेने वळण घेतलं होतं, मालेगावकडे. त्या रात्री मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

६

दुकानातल्या सुया आता मालेगाव दाखवत होत्या, म्हणजे वायव्येला. सकाळी शटर उघडलं की आधी तेच बघायचो. मग फोन करायचो.

त्या दुपारी ती भयंकर चिडलेली होती. खालाच्या घरात पंखा नाही, अभ्यास होत नाही, कुठेतरी कचरा जळतोय आणि सगळ्या कपड्यांना धुराचा वास येतोय, आणि तुम्हाला मुलगी जड झाली असेल तर तसं तोंडावर सांगा. मी ऐकत होतो. ती भांडतेय तोवर ती ठीक आहे, असं माझं गणित होतं.

बोलता बोलता आवाज तुटला. नेटवर्क जातं तसं, क्षणभरच. तेवढ्यात काचेखालच्या सुया हलल्या. सगळ्या एकदम. वायव्येकडून उत्तरेवर, उत्तरेवरून पूर्वेकडे, बसच्या वेगाने नाही, माणसाच्या वेगाने तर नाहीच. अर्धा चहा पिऊन होईपर्यंत त्या मानोऱ्याकडे रोखून उभ्या होत्या.

"नमरा, कुठे आहेस?"

"इथेच, अब्बा. खालाच्या अंगणात." आवाज तिचाच. मागे अफ्रीन भांडी घासत होती, तेही ऐकू येत होतं. "अभ्यास छान होतोय. मला घ्यायला या ना. घरी यावंसं वाटतंय."

कुणी आलं होतं का तिथे, मी विचारलं.

"नाही अब्बा. कुणीच आलं नाही." आणि मग माझी तब्येत विचारली. गेल्या कित्येक वर्षांत तिने ती विचारली नव्हती.

७

मी घ्यायला गेलो नाही. अफ्रीननेच तिला बसमध्ये बसवलं. स्टँडवर ती उतरली, तेच कपडे, तीच पिशवी, कपाळावर तोच जुना व्रण. नसीमने तिला मिठी मारली. मी पुढे जायच्या आधी खिशातलं होकायंत्र बघितलं. ती माझ्यासमोर होती. सुई तिच्या विरुद्ध दिशेला होती.

घरी गेल्यावर नसीमने स्वतःच ते टीपॉयवर ठेवलं आणि नमराला चालायला लावलं. स्वयंपाकघर ते जिना, जिना ते दार. ती निमूटपणे चालली. सुई जागची हलली नाही.

"बघा," नसीम म्हणाली, "आता वळत नाही तिच्याकडे. बरी झाली माझी पोर." तिचे डोळे भरून आले होते. त्याच दिवशी तिने खीर शिजवून गल्लीत वाटली. सुई तिच्याकडे वळत नाही एवढं तिने बघितलं. सुई कुणीकडे वळलीय हे तिने बघितलं नाही, आणि मी दाखवलं नाही.

नमरा आता उलट बोलत नाही. आईचे पाय चेपते. एप्रिलच्या उन्हात गच्चीवर उभी राहते आणि डोळे बारीक करत नाही. पाण्याचा ग्लास दिला तर धन्यवाद म्हणून घेते, संध्याकाळपर्यंत हातात धरते आणि झाडाला ओतते. ते झाड वाळलं. मी स्वतःला म्हणतो, उन्हाळा आहे, झाडं वाळतात.

झोप मात्र माझी गेली. माझी मुलगी कुठे आहे हे सांगणारी एक अख्खी पेटी माझ्या दुकानात होती, आणि मी रोज तिच्यावर कापड टाकून चष्मे विकत होतो. बाप म्हणवून घेणाऱ्याला हे किती दिवस जमेल? शेवटी एका सकाळी नसीमला सांगितलं की माल बघायला मंगरूळला जातो, आणि मोटारसायकल काढली.

८

मंगरूळपीर मागे पडलं, मानोरा मागे पडला. डांबरी संपल्यावर थांबत थांबत गेलो. गाडीपासून लांब जाऊन सुई बघायची, परत येऊन किक मारायची. दुपारी एका ठिकाणी सुई डाव्या हाताला गेली. तिथे रस्ता नव्हता. पानं गळालेले साग होते, खाली काळी जमीन, आणि कुठे काही पेटलेलं नसताना कमरेएवढा धूर. पाखरू ओरडत नव्हतं. मी गाडी चालूच ठेवली, बंद करायचा धीर झाला नाही.

"अब्बा!"

आवाज घोगरा होता, घशात राख गेल्यासारखा.

"आलात एकदाचे? मी ओरडून ओरडून मरायची वाट बघत होतात का?"

ती माझीच होती. जगातली दुसरी कुठली पोरगी बापाशी असं बोलेल? माझे डोळे भरले. मी उतरलो, दोन पावलं आत गेलो. सागांमधून ती येताना दिसली. एक चप्पल होती, एक नव्हती. ओढणी नव्हती. हात पुढे करून चाचपडत येत होती, डोळे उघडे असूनही. आणि तिच्या खांद्यावर एक हात होता. मी त्या हाताच्या मागे बघितलं, जिथे दंड असायला पाहिजे, माणूस असायला पाहिजे. तिथे नुसता धूर उंच उभा होता आणि माणसाच्या उंचीच्या मानाने तो हात फार वरून आलेला होता.

"अब्बा, बोला काहीतरी. मला दिसत नाही. आवाजावर येते मी."

मी तोंड उघडलं आणि खिशातला फोन वाजला. घरचा.

"अब्बा, कुठे आहात?" मऊ, आर्जवी आवाज. मागे नसीम हसत होती. इतक्या वर्षांत मी तिला असं हसताना ऐकलं नव्हतं. "आम्ही जेवायला थांबलोय."

जंगलातली थांबली. तिला फोन ऐकू गेला होता, आणि फोनमधला आवाजही. तिच्या तोंडावर काय आलं ते मी बघितलं. तिने मला हाक मारली नाही. ती मला चांगली ओळखते. मी काय करणार हे माझ्याआधी तिला कळलं.

मी घाबरलो होतो, यात काही खोटं नाही. पण नुसती भीती नव्हती. नसीमला घरात एक मुलगी पाहिजे होती, आणि एक होती.

"आलोच," मी फोनमध्ये म्हटलं, अगदी हळू, कारण आवाजावर चालत येणारं आता एकटं नव्हतं. गाडी वळवली. मागून फक्त एकदा काहीतरी पडल्याचा आवाज आला आणि मग उठल्याचा आला नाही. अडाण नदीच्या पुलावर मी होकायंत्र पाण्यात टाकलं.

घरी पोचलो तेव्हा ताटं वाढलेली होती. नसीमने गरम भाकरी वाढली, नमराने शेजारी बसून पंख्याने वारा घातला. वारा गरम होता. मी पोटभर जेवलो.